पहाटेचा बर्फ, दुपारचा बर्फ : एप्रिलमधलं बियास कुंड

शनिवार, मनाली

एप्रिलच्या मध्याला मनालीत सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात आणि त्याच दिवसांत हजारभर मीटर वर ताजा बर्फ पडत असतो. आम्ही पोचलो तेव्हा गुरुवारपासून पावसाची रिपरिप चालू होती. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या लाटा, मार्च-एप्रिलमध्ये असेच दोन-तीन दिवस मुक्काम ठोकून बसतात. मनाली २,०५० मीटरवर. इथे जो पाऊस, तो सोलंगच्या वर बर्फ. संध्याकाळी ढग जरा फाटले, तेव्हा देवदारांच्या शेंड्यांपर्यंत नवा बर्फ उतरलेला दिसला.

बेत साधा होता. सोलंग, धुंडी, बियास नदीच्या उगमाचं तळं असलेलं बियास कुंड आणि शेवटी अटल बोगद्यातून पलीकडचं लाहौल खोरं. जूनमध्ये हाच रस्ता पहिल्यांदा हिमालयात येणाऱ्यांचा असतो. पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची कितीतरी मंडळी इथूनच सुरुवात करतात. एप्रिलमध्ये मात्र ही वाट पूर्णपणे बर्फाखाली असते आणि हिमस्खलनं उतरण्याचे डझनभर मार्ग ओलांडते. परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या म्हणून या दिवसांत येणाऱ्यांसाठी हे तपशिलात लिहितो आहे.

मनालीत पहिलं काम हवामान आणि हिमस्खलन-सूचना पाहण्याचं. हिमस्खलनांचा अभ्यास करणारी ‘सासे’ ही संरक्षण खात्याची संस्था १९६९ साली सुरू झाली आणि तिचं मुख्य काम मनालीतूनच चालायचं. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या ‘डीजीआरई’ या संस्थेत विलीन झाली. डीजीआरईच्या सूचना जिल्हावार आणि उंचीनुसार असतात. त्या जरूर वाचा, पण त्यातून काय कळतं आणि काय नाही हेही समजून घ्या. सूचना अख्ख्या जिल्ह्याची असते. तुमच्या वाटेवरच्या नाळेचं तोंड पूर्वेला आहे की उत्तरेला, तिथे काल रात्री बर्फ गोठला की नाही, हे तुम्हालाच बघावं लागतं.

सामानाबद्दल. प्रत्येकाकडे बीकन (गाडलेला माणूस सापडावा म्हणून अंगावर बांधायचं, सिग्नल सोडणारं आणि शोधणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब, घडीची काठी) आणि फावडं ही तिन्ही हवीत. दोघांत एक फावडं असं चालत नाही, कारण ज्याच्याकडे फावडं आहे तोच गाडला जाऊ शकतो. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो. तीन अँटेनांचा डिजिटल घ्या. त्यात अल्कलाइन सेल घाला, रिचार्जेबल नकोत, कारण ते शेवटपर्यंत भरलेले दिसतात आणि अचानक बसतात. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा असावा. फावडं ॲल्युमिनियमचंच हवं; ओल्या ढिगाऱ्यात प्लास्टिकचं पातं तुटतं. मनालीत भाड्याने कोट, बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दात) सहज मिळतात, पण बीकन आधी ठरवल्याशिवाय मिळेलच असं नाही.

दोन गोष्टी विमानात बसायच्या आधीच ठरवाव्या लागतात. एक, उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं. परदेशातले गिर्यारोहक सर्रास वापरतात ती इनरीचसारखी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यापायी लोकांना अटक झालेली आहे. अमेरिका-युरोपातून येणाऱ्या मराठी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. दुसरी, हिमस्खलनात माणसाला वर ठेवणारी, गॅसच्या नळकांड्यावर फुगणारी एअरबॅग. विमान कंपनीची लेखी परवानगी हातात नसेल तर ती आणू नका.

रविवार, सोलंग

सोलंगला पोचेपर्यंत पाऊस भुरभुरीवर आला होता. गावातल्या घरगुती मुक्कामाच्या ताईंनी दारातच गरम सिड्डू पुढे केले. कणकेच्या आंबवलेल्या पिठात अक्रोड आणि खसखस भरून वाफवलेले, वर तुपाची धार. थंडीत भिजून आल्यावर याच्या तोडीचं खाणं नाही. दुपारी जेवायला राजमा आणि कुल्लूचा लाल तांदूळ होता.

उरलेली दुपार गावामागच्या सपाट बर्फावर सरावात घालवली. एकाने पिशवीत घालून बीकन मीटरभर खोल पुरायचा, इतरांनी पाठ करून उभं राहायचं आणि मग घड्याळ लावून शोधायचं. ही घाई कशासाठी ते आकड्यांत पाहा. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींनुसार पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासावर ती साधारण एक तृतीयांशावर येते. मनालीहून कोणी मदतीला येईपर्यंत कितीतरी तास जातात. म्हणजे वाचवणार ते सोबतचेच. मदत मागायला कुणाला पळवू नका. माणसं कमी असतील तर आधी सगळ्यांनी शोध घ्यायचा, ११२ नंतर.

शोधाचा क्रम असा. ज्या जागी माणूस शेवटचा दिसला ती जागा नजरेत पक्की धरायची आणि उतारावरून अजून काही येणार नाही ना हे पाहायचं. मग सगळ्यांचे बीकन ‘शोध’वर. एकाचा जरी ‘प्रक्षेपण’वर राहिला तरी सगळे त्याच्याकडेच जातात. शेवटच्या जागेपासून खाली, ४० ते ५० मीटर रुंदीचे पट्टे धरून उतरायचं. सिग्नल मिळाला की बाण सांगेल तसं जायचं. अंतराचा आकडा वाढू लागला तर मागे फिरायचं. ही रेषा सरळ नसते, वळण घेत जाते, म्हणून गोंधळून जायचं नाही. १० मीटरच्या आत चाल मंद करायची. ३ मीटरवर गुडघ्यावर बसून बीकन बर्फाला टेकवायचा, न फिरवता सरळ रेषेत सरकवायचा, सगळ्यात कमी आकडा आला की त्या जागेवरून काटकोनात पुन्हा तसंच करायचं. सरावात वेळ जातो तो नेमका या शेवटच्या तीन मीटरांत. इथे घाई केली की दोन मिनिटं हातची जातात.

मग प्रोब. उताराच्या पृष्ठभागाशी काटकोनात, मधून सुरुवात करून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल फिरत बाहेर जायचं. माणसाला लागला की हाताला कळतं. जमिनीला लागल्यासारखा टणक आवाज येत नाही, किंचित दबतो. प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. खणायचं मात्र प्रोबच्या शेजारी नाही. जितका खोल, तितकंच अंतर उताराच्या खालच्या बाजूला जायचं आणि तिथून आत शिरायचं. पुढे एक, मागे दोन-दोन अशी इंग्रजी ‘व्ही’सारखी रांग करून बर्फ मागे मागे ढकलत न्यायचा. पुढच्याने दर मिनिटाला जागा बदलायची. आमच्यातले तब्येतीने दणकट असलेले दोघेही दीड मिनिटात धापा टाकत होते, आणि तो तर सरावासाठी भुसभुशीत निवडलेला बर्फ होता.

मोबाइलबद्दल एक सूचना जोडतो. बीकन ‘प्रक्षेपण’वर असताना फोन, स्मार्ट घड्याळ, गरम होणारे हातमोजे हे सगळं त्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, आणि शोधताना किमान ५० सेंटिमीटर. जाकिटाला चुंबकाची बटणं असतील तर तीही बघा. बीकन अंगावर, जाकिटाच्या आत बांधायचा. सॅकमध्ये नाही, सॅक वाहून जाते.

रात्री आठला पाऊस थांबला, दहाला तारे दिसू लागले.

सोमवार, धुंडी

पहाटे पाचलाच सोलंग सोडलं. सोलंग ते धुंडी हा रस्ता बोगद्याकडे जातो, बर्फ हटवलेला असतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण हा रस्ता जागोजागी हिमस्खलनांच्या मार्गांखालून जातो, आणि त्यासाठीच त्यावर काँक्रीटच्या गॅलऱ्या बांधलेल्या आहेत. बर्फ त्यांच्या छपरावरून पलीकडे जातो. गॅलरीबाहेर, उघड्या नाळेखाली, गाडी उभी करून फोटो काढणारे लोक दरवर्षी दिसतात. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू-लाच्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास आलेल्या हिमस्खलनात सात पर्यटक गेले. ते कुठल्या शिखरावर नव्हते, रस्त्यालगतच्या बर्फात होते.

धुंडीला, साधारण २,८०० मीटरच्या वर, ३५ सेंटिमीटर नवा बर्फ होता. तंबूची जागा ठरवायला तासभर लावला. आधी झाडं पाहिली. नाळेच्या तोंडाशी भूर्जाची खोडं बुंध्यापाशीच खालच्या दिशेला वाकलेली, फांद्या फक्त उताराच्या खालच्या बाजूला शिल्लक, वरच्या बाजूची साल सोललेली. याचा अर्थ तिथून बर्फ वरचेवर येतो. जिथे मोठी, सरळ, जुनी झाडं दाट आहेत तिथे बरीच वर्षं काही आलेलं नाही. मग कोन. जिथे तंबू लावायचा तिथून नाळेच्या अगदी वरच्या टोकाकडे क्लिनोमीटर धरायचा. २० अंशांपेक्षा कमी आला तर बहुतेक हिमस्खलनं तिथवर पोचत नाहीत. आम्ही १८ धरतो, कारण रात्री झोपेत कोणी पळू शकत नाही.

बर्फानंतरचा हा पहिला उन्हाचा दिवस. या दिवशी वर जायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. पलचानचे आमचे वाटाडे भाईजी यांनी थर्मासमधला चहा ओतला, दगडावर बसले आणि म्हणाले, “आज देखने का दिन है.” दिवसभर खरोखर तेच केलं.

बियास कुंडाचं खोरं साधारण पश्चिमेकडून पूर्वेला उतरतं. म्हणजे उत्तरेकडच्या भिंतीचे उतार दक्षिणेला तोंड करून आणि समोर, हनुमान टिब्बा या शिखराच्या बाजूचे, उत्तर-पूर्वेला. साडेआठला पूर्वेकडे झुकलेल्या खडकांखालून बर्फाच्या गोळ्या घरंगळायला लागल्या. मागे बारीक रेघा सोडत. ही पहिली खूण. काळा खडक आधी तापतो आणि त्याला लागून असलेला बर्फ सगळ्यांत आधी सुटतो. ९.४० ला एका खडकाखालून बिंदूसारखी सुरुवात होऊन पंख्यासारखं रुंदावत पहिलं स्खलन आलं. १०.३० ते १ या वेळात दक्षिणमुखी भिंतीवर इतकी आली की मोजणं सोडून दिलं. दीडनंतर ती बाजू थंडावली, कारण जे सुटायचं ते सुटलं होतं, आणि पश्चिमेकडे वळलेल्या नाळा सुरू झाल्या. उत्तरमुखी उतार मात्र दिवसभर गप्प राहिले. आम्हाला त्यांची चिंता जास्त वाटते. तिथे नवा बर्फ कोरडा आणि वाऱ्याने घट्ट दाबलेला राहतो, आणि त्याची पाटी, म्हणजे एकसंध थर, दोन-चार दिवसांनीही एका माणसाच्या वजनाने तुटू शकते.

एक गोष्ट मराठी वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. युरोपातल्या पुस्तकांमधल्या वेळा इथे जशाच्या तशा लावू नका. मनालीच्या अक्षांशावर एप्रिलच्या मध्यात दुपारचा सूर्य जवळपास ६७ अंशांवर असतो. आल्प्समध्ये तो याच दिवसांत ५४ अंशांच्या आसपास. म्हणून इथे उन्हाचा मारा जास्त, आणि मध्यम चढाच्या उत्तरमुखी उतारांनाही ऊन लागतं. ‘दुपारपर्यंत खाली’ हा तिकडचा नियम. इथे ‘नऊ-साडेनऊपर्यंत खाली’ असा करावा लागतो.

सह्याद्रीत वाढलेल्या पायांना आणखी एक सवय मोडावी लागते. आपण घाटमाथा गाठायला नाळ शोधतो. नळीची वाट असो की कुठली घळ, तीच सोपी आणि तीच सरळ वर जाणारी. बर्फात नाळ म्हणजे वरच्या अख्ख्या उताराचा बर्फ एकत्र येऊन उतरण्याची जागा. तिथे छोटं स्खलनही खोल गाडतं, कारण बर्फाला पसरायला जागाच नसते. इथे सोंड धरायची, धार धरायची, टेपाडांवरून जायचं. वाट लांबली तरी चालेल.

मंगळवार, धुंडीलाच

मध्यरात्री तंबूबाहेर डोकावलं तर तारे गायब. उंचावर पातळ ढगांची चादर आली होती. पहाटे तीनला पुन्हा पाहिलं : हवेचं तापमान १ अंश, बर्फावर पाय ठेवला तर बूट घोट्यापर्यंत आत. बेत रद्द, पुन्हा झोपलो.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. वसंतात पहिला प्रश्न ‘काल किती बर्फ पडला’ हा नसतो, ‘रात्री बर्फ गोठला का’ हा असतो. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. हवा २-३ अंशांवर असतानाही वर कडक पापुद्रा धरतो. ढग असले तर ते उष्णता परत खाली पाठवतात. हवा शून्याच्या आसपास असली तरी बर्फ ओलाच राहतो. म्हणून नुसतं किमान तापमान पाहून निघू नका, रात्री दोनदा उठून आकाश बघा.

गोठलेला बर्फ का धरून ठेवतो तर कणाकणांमध्ये बर्फाचेच सांधे झालेले असतात. दिवसा ते वितळतात. थोडंसं पाणी कणांना उलट चिकटवून ठेवतं, त्याच बर्फाचे आपण गोळे करतो. पाणी आणखी वाढलं की कण एकमेकांपासून सुटतात. सलग दोन-तीन रात्री गोठल्याच नाहीत तर पाणी खोल उतरतं, एखाद्या जुन्या बर्फकाचेवर (वितळून पुन्हा गोठलेल्या कडक थरावर) किंवा जमिनीवर साचतं आणि मग नुसता वरचा थर नव्हे, अख्खी पाटी तळापासून निसटते. वसंतातली सगळ्यात मोठी स्खलनं ही अशी होतात. पाऊस पडला तर हेच काम काही तासांत होतं.

मोकळा दिवस मिळाला म्हणून २० अंशांच्या, वर काहीही नसलेल्या एका छोट्या टेपाडावर खड्डा खणला. सावलीकडची भिंत सरळ तासून दर १० सेंटिमीटरला थर्मामीटर खुपसला. वरचे ५० सेंटिमीटर शून्यावर, त्याखाली उणे १ अंश. खड्ड्यात ४२ सेंटिमीटरवर बोटभर जाडीची बर्फकाच होती. भिंग लावल्यावर तिच्या वरच्या कणांमध्ये पाणी चमकताना दिसलं. मूठभर बर्फ दाबला तर हातमोज्यातून थेंब गळले. बर्फकाचेखालचे कण मात्र जाड्या साखरेसारखे सुटे, हातात धरताच ओघळणारे. खड्ड्यात उभं राहून हे सगळं एका नजरेत दिसतं : वर पाणी, मध्ये निसरडी बर्फकाच, खाली पोकळ आधार.

९० बाय ३० सेंटिमीटरचा स्तंभ कापून फावड्यावर थापा मारण्याची चाचणीही केली. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. तडा गेला नाही. पण या निकालावर आम्ही काहीच ठरवलं नाही. ही चाचणी कोरड्या पाटीसाठी आहे. ओल्या बर्फात ती भरवशाची नाही. दहा मिनिटांनी आणखी पाणी उतरलं की तोच स्तंभ वेगळं उत्तर देतो. ओल्या बर्फाला मुठीने आणि बुटाने तपासावं.

कोन मोजायला क्लिनोमीटर नसेल तर दोन सारख्या लांबीच्या ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक काठी आडवी धरून तिचं एक टोक वर चढाला टेकवा, दुसऱ्या टोकापासून दुसरी काठी उभी खाली सोडा. उभीची अर्धी लांबी लागली तर उतार २७ अंशांच्या आसपास, पाऊण लागली तर ३७, पूर्ण लागली तर ४५. बहुतेक पाट्या ३० ते ४५ अंशांत सुटतात, सर्वाधिक ३८ च्या आसपास. म्हणजे काठी अर्ध्याच्या खाली आहे आणि डोक्यावर तसा चढ नाही, तोवर निवांत. ३७ अंशांचा चढ डोळ्याला फारसा भयंकर वाटत नाही, म्हणूनच मोजायचं.

संध्याकाळी वारा उत्तरेकडून वळला आणि सात वाजता आकाश धुतल्यासारखं झालं. भाईजींनी राजमा शिजवला, आम्ही ठेचा काढला. ठेच्याची चव घेऊन त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, आणि उरलेली बाटली त्यांच्याकडेच राहिली.

बुधवार, बियास कुंड

पावणेतीनला निघालो. हवा उणे ३, बर्फाचा पृष्ठभाग उणे ८. बुटाची टाच जोरात मारली तर दोन सेंटिमीटरही आत जाईना. क्रॅम्पॉनच्या दातांचा करकर आवाज आला की मन निवांत होतं. निघण्याआधी बीकन-तपासणी : एकाने ‘शोध’वर ठेवून दहा पावलं पुढे उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून जायचं, शेवटी त्याने ‘प्रक्षेपण’वर करायचं आणि दुसऱ्याने त्याचा तपासायचा. हे रोज, न चुकता. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाकायचे. बर्फात ओढला गेलात तर काठी हाताला खाली खेचते.

नदी अजून बर्फाखाली होती. एप्रिलमध्ये या बर्फाच्या पुलांकडे हिमस्खलनाइतकंच लक्ष द्यावं लागतं. मध्यभागी खोलगट झालेला, करडा पडलेला किंवा खालून पाण्याचा मोठा आवाज येणारा पूल टाळा. प्रोबने टोचत जा, एका वेळी एकच माणूस, सॅकचा कमरपट्टा सोडलेला. पहाटे ज्या पुलावरून गेलात तो परतताना टिकेलच असं धरू नका. आम्ही परतीसाठी खालचा, रुंद पूल जातानाच हेरून ठेवला होता.

बकरथाच या कुरणाच्या अलीकडे उत्तरेच्या भिंतीतून उतरणाऱ्या तीन नाळा वाट कापतात. सोमवारचा ढिगारा तिथे गोठून दगडासारखा झाला होता, छातीएवढे गोळे एकमेकांवर. ताजा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आत-बाहेर असतो, हा ढिगारा पाचशेच्या घरातला. प्रोब अर्ध्यातच अडला. इथे गाडलेला माणूस हलूच शकत नाही. म्हणून नाळ ओलांडायची पद्धत ठरलेली : काठावर सुरक्षित टेपाड निवडायचं, तिथे सगळे थांबणार. एक जण जाणार, न थांबता, पलीकडच्या टेपाडापर्यंत. बाकीच्यांचे डोळे त्याच्यावर, आणि एकाचे वर नाळेकडे. तो पोचल्यावर दुसरा. मध्ये फोटो नाही, चपला-बूट बांधणं नाही, पाणी पिणं नाही. तीन नाळांना अर्धा तास गेला.

बकरथाचला (३,३०० मीटरच्या आसपास) पाचच्या सुमारास पोचलो. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ इथे कळप घेऊन येतात; आता दगडी वाड्यांची फक्त वरची कड बर्फातून डोकावत होती. पुढे खोऱ्याच्या मधोमध, हिमोढाच्या (हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-मातीच्या) टेपाडांवरून वाट धरली. डावीकडच्या धारेवर वाऱ्याने बाहेर झुकवलेले बर्फाचे सज्जे दिसत होते. अशा सज्ज्यांच्या खाली रेंगाळायचं नाही, आणि वरून धार धरून जात असाल तर काठापासून भरपूर आत राहायचं. सज्जा तुटतो तो काठावर नाही, आपल्या अंदाजापेक्षा बराच मागे.

सहाला हनुमान टिब्ब्याच्या माथ्यावर ऊन आलं. पावणेसातला कुंडाच्या वरच्या टेपाडावर होतो, ३,७०० मीटरच्या जरा वर. कुंड दिसत नाही. सपाट पांढरी वाटी, एवढंच. भूर्जांच्या पट्ट्याकडून मोनाल पक्ष्याची शीळ मधूनच ऐकू येत होती. सव्वासातला परत फिरलो. परतीची वेळ आठ ठरली होती, काहीही झालं तरी. पण वारा नव्हता, ऊन दक्षिणमुखी भिंतीवर उतरायला लागलं होतं, आणि थांबून मिळणार काहीच नव्हतं.

बर्फ बदलतो तो असा. साडेसातला कडक. आठला वरचा एक सेंटिमीटर मऊ, चालायला सगळ्यात सुखाचा. स्कीवाले या दाणेदार बर्फासाठीच वसंतात येतात. पावणेनऊला बूट पाच सेंटिमीटर. ९.१० ला उन्हातल्या टेपाडावर घोटा बुडाला. आमचा नियम घोट्याचा आहे : घोटा बुडायला लागला की ३० अंशांच्या कुठल्याही उतारावर किंवा उताराखाली थांबायचं नाही. पोटरीपर्यंत पाय जाऊ लागला तर उशीर झालेला असतो. ९.२५ ला मागे, पहाटे ओलांडलेल्या मधल्या नाळेतून स्खलन आलं. मोठं नव्हतं, पण आमच्या पावलांच्या खुणा त्याच्याखाली गेल्या.

त्यानंतर थोड्याच वेळात पुण्याचे चौघे वर येताना भेटले, लेडी लेगच्या तळाकडे आणि तिथून फ्रेंडशिप शिखराकडे निघालेले. सामान चांगलं होतं, तब्येती ठणठणीत.

“वर कसं आहे?” पुढच्याने विचारलं.

“पहाटे उत्तम होतं. आता त्या नाळा सुरू झाल्यात. तुमची पुढची चढण दक्षिणमुखी आहे, दुपारभर ऊन खाणार.”

“पण आमचा आजचा मुक्काम लेडी लेगला आहे.”

नाळेतला ताजा ढिगारा दाखवला, तो अजून ओला चमकत होता. त्यांचा वाटाड्या आणि भाईजी पहाडी बोलीत दोन मिनिटं बोलले. चौघांनी तिथल्याच सपाटीवर तंबू टाकायचं आणि रात्री दोनला निघायचं ठरवलं. चार दिवसांचा कार्यक्रम पाच दिवसांचा करायला जागा ठेवलेली होती म्हणून त्यांना हे जमलं. वसंतात हिमालयात येताना एक मोकळा दिवस तिकिटातच धरा. जिथे तो नसतो तिथे माणसं दुपारी अकराला नाळ ओलांडतात.

सव्वादहाला धुंडीत होतो. खाण्याबद्दल एक : पहाटेच्या थंडीत चिक्की दाताला दाद देत नाही, चॉकलेटही नाही. शेंगदाण्याचा लाडू आणि खजूर चालतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा, म्हणजे गोठला तर तळ गोठतो, तोंड नाही.

गुरुवार, सिस्सू

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. धुंडीकडून आत शिरलं की दहा-पंधरा मिनिटांत लाहौल. पलीकडे देवदार नाहीत, हवा कोरडी आणि चंद्रा नदीच्या दोन्ही अंगांनी थेट पाण्यापर्यंत उतरलेली हिमस्खलनांची ढिगारं, काही मातीने काळवंडलेली.

सिस्सूच्या एका घरी आजींनी मीठ घातलेला लोणी-चहा आणि मारचू ही तळलेली रोटी दिली. लाहौलमध्ये वयस्कर माणसं बर्फाचा विषय निघाला की मार्च १९७९ वर येतात; त्या महिन्यात या खोऱ्यात दोनशेहून अधिक लोक हिमस्खलनांत गेले. आजींनी खिडकीतून समोरच्या नाळा एकेक करून दाखवल्या. ही पडत्या बर्फातच येते, ती ऊन पडल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि ती कोपऱ्यातली फार वर्षांत नाही आली, पण आली की नदी ओलांडते. जुनी घरं एकमेकांना चिकटून, सोंडेच्या आडोशाला. नवी हॉटेलं आणि तंबूंच्या वसाहती जिथे जागा मिळाली तिथे. मुक्काम ठरवताना जुन्या घरांची ओळ कुठे संपते ते पाहा आणि तिच्या आतच राहा. कुठली नाळ कधी येते हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ही माहिती कुठल्याच नकाशावर नाही.

बोगद्याच्या उत्तर तोंडापासून सिस्सूपर्यंत दुपारी गाड्यांची रांग लागते आणि लोक बर्फात खेळायला नेमके नाळांच्या पायथ्याशी उतरतात, कारण बर्फ तिथेच साचलेला असतो. मुलांना खेळवायचं तर नदीकाठच्या मोकळ्या सपाटीवर, सकाळी. बर्फ पडल्यानंतर लाहौलचा रस्ता पोलिस बंद करतात तेव्हा वाद घालू नका. २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडात सुमना इथे आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला माणाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळांवर हिमस्खलनं आली. बर्फाच्या मुलखात रोज काम करणारी ही माणसं होती.

ज्यांना हे नीट शिकायचं आहे त्यांनी मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे अभ्यासक्रम करावेत. जागा लवकर भरतात, सहा-आठ महिने आधी अर्ज करावा लागतो. सराव मात्र घरीही होतो. बीकनचा शोध शिकायला बर्फ लागत नाही. मैदानात पालापाचोळ्याखाली पुरला तरी शेवटच्या तीन मीटरांचा हात बसतो.

परतल्यावर बीकन पुसून, सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल पावसाळ्यात आतच पाझरतात आणि संपर्क-पट्ट्या खाऊन टाकतात. प्रोबची दोरी उन्हात नव्हे, सावलीत वाळवा, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी नवे सेल घालून एकदा मैदानात तपासा.